गरम भरलेल्या जम्बो बॅगा : भुकटीच्या स्वयंतापन चाचणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोकणातील एका औद्योगिक वसाहतीत, रंगांसाठी लागणारे सेंद्रिय मध्यस्थ रसायन बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्यात हे प्रकरण घडले. कारखान्याचे, रसायनाचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. या भुकटीची पहिली चाचणी मी ज्या प्रयोगशाळेत काम करतो तिथेच झाली होती. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते बाहेरून पाहणाऱ्याचे निरीक्षण नाही. त्यातील काही निर्णयांत आमचाही वाटा होता.

हे रसायन म्हणजे फिकट तपकिरी रंगाची, हाताला पिठासारखी लागणारी भुकटी. कित्येक वर्षे ती ट्रे ड्रायरमध्ये वाळवली जात असे. ट्रे बाहेर काढून रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी भुकटी चाळायची आणि २५ किलोच्या पिशव्यांत भरायची, असा क्रम होता. रात्रभर ट्रे ठेवण्यामागे सुरक्षिततेचा विचार नव्हता. सकाळच्या पाळीला चाळणीवर माणसे मिळत, एवढेच त्याचे कारण होते. तरीही त्या रात्रभराच्या थांब्यात भुकटी पूर्ण थंड होत असे.

मागणी वाढल्यावर कारखान्याने सलग चालणारा फ्लॅश ड्रायर बसवला. त्यातून निघणारी भुकटी ७५ ते ८० अंश सेल्सिअसला थेट जम्बो बॅगेत पडू लागली. एक बॅग सुमारे एक घनमीटरची, विणलेल्या पॉलीप्रॉपिलीनची, आतून लायनर नसलेली, आणि तीत साधारण ५०० किलो माल मावत असे. चाळणी गेली, ट्रे गेले, रात्रीचा थांबाही गेला. ड्रायर बदलण्याच्या प्रस्तावावर रीतसर सह्या झाल्या होत्या, पण त्या कागदावर मोटरची क्षमता, धूळ गोळा करणारे फिल्टर आणि स्फोटझरोका (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप) यांचा विचार होता; बॅगेचा आकार आणि भरतीचे तापमान हे ‘पॅकिंगचे’ विषय म्हणून त्या कागदाबाहेर राहिले.

पहिली चाचणी आणि तिचा अर्थ

नव्या ड्रायरच्या आधी कारखान्याने आमच्याकडे वाहतुकीच्या वर्गीकरणासाठी नमुना पाठवला होता. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी पुस्तिकेतील एन.४ ही स्वयंतापनाची, म्हणजे माल आपोआप तापतो का हे पाहणारी, चाचणी आम्ही केली. तिची पद्धत सोपी आहे. स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीचा घनाकृती डबा भुकटीने भरायचा, तो गरम हवा खेळत असलेल्या ओव्हनमध्ये टांगायचा, मध्यभागी एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवायचे आणि २४ तास तापमान नोंदवायचे. या काळात भुकटी पेटली, किंवा तिचे तापमान ओव्हनपेक्षा ६० अंशांहून अधिक वर गेले, तर निकाल होकारार्थी धरतात. डबे दोन आकारांचे असतात : २५ मिलिमीटर आणि १०० मिलिमीटर बाजूचे.

या भुकटीचा १०० मिलिमीटरचा डबा १४० अंशांना पेटला. २५ मिलिमीटरचा डबा त्याच तापमानाला शांत राहिला. मग मोठा डबा १२० अंशांना ठेवला, तेव्हा तोही २४ तास शांत राहिला. पुस्तिकेच्या नियमाप्रमाणे याचा अर्थ असा की, तीन घनमीटरपर्यंतच्या पॅकिंगमध्ये हा माल पाठवल्यास त्याला ४.२ या वर्गातला, म्हणजे आपोआप पेट घेऊ शकणारा माल म्हणण्याची गरज नाही. जम्बो बॅग एक घनमीटरची. म्हणजे सूट मिळाली. सुरक्षा माहितीपत्रकाच्या वाहतुकीच्या कलमात ‘धोकादायक माल नाही’ अशी नोंद झाली आणि गोडाऊनमध्येही तीच नोंद आधार मानली गेली.

या नियमामागचे गणित समजून घेतल्याशिवाय पुढचे प्रकरण कळणार नाही. चाचणीतील १४०, १२० आणि १०० हे आकडे लोणारी कोळशाच्या वागणुकीवरून घेतले आहेत. कोळशाचा २७ घनमीटरचा घन ५० अंशांच्या परिसरात आपोआप पेट घेऊ शकतो. त्याच कोळशाचा १०० मिलिमीटरचा घन पेटवायला मात्र सुमारे १४० अंश लागतात. म्हणजे लहान डब्यातील जास्त तापमान हे मोठ्या ढिगातील कमी तापमानाच्या जागी वापरले जाते. १२० अंशांची पायरी तीन घनमीटरसाठी आणि १०० अंशांची पायरी ४५० लिटरसाठी आहे. या सगळ्या पायऱ्यांच्या तळाशी एक गृहीतक आहे : माल आणि त्याच्या भोवतालची हवा ५० अंशांच्या वर नसेल.

आमच्या अहवालात निकाल अचूक होता. हे गृहीतक मात्र त्यात लिहिलेले नव्हते.

घटना

नवा ड्रायर सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे काहीच झाले नाही. बॅगा भरल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये एका थरात लागत आणि निघून जात. एप्रिलमध्ये ग्राहकाने माल उचलणे पुढे ढकलले. गोडाऊनमध्ये जागा अपुरी होती, म्हणून आठ बॅगा दोन-दोनच्या रांगेत, दोन थरांत, एकमेकींना चिकटवून रचल्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या कामगाराने शिफ्ट इनचार्जना सांगितले, “साहेब, मधल्या बाजूला हात घातला तर बॅगा अजून चांगल्याच गरम लागतात.” इनचार्जनी लॉगबुकात तशी नोंद केली. पत्र्याच्या छपराखाली एप्रिलचा उकाडा होता, माल गरमच भरला होता, तेव्हा तो गरम लागणारच, असे त्यांना वाटले. हा तर्क मूर्खपणाचा नव्हता. पण तीन दिवसांपूर्वी ७८ अंशांना भरलेली बॅग आता किती अंशांवर आहे, ती उतरते आहे की चढते आहे, हे मोजायला एक लांब दांड्याचे थर्मोकपल पुरे होते, आणि ते प्लांटमध्ये उपलब्ध होते.

सहाव्या रात्री सुरक्षारक्षकाला जळकट, किंचित गोडसर वास आला. ज्वाळा नव्हती; आठ बॅगांच्या मधल्या फटीतून पातळ धूर येत होता. पहिल्या दहा मिनिटांतला निर्णय या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा ठरला. एका कामगाराने हायड्रंटचा होज ओढला होता. पाळीतील अग्निशमन पथकाच्या प्रमुखांनी त्याला थांबवले, कारण धुमसणाऱ्या बारीक भुकटीवर पाण्याचा जोरदार फवारा मारला तर ती उडते, आणि उडालेल्या धुळीच्या ढगाला निखारा मिळाला तर धुमसण्याचे रूपांतर स्फोटात होते. त्यांनी आधी शेजारचा माल हलवला, माणसांना बाहेर काढले, श्वसनयंत्र लावलेल्या दोघांनाच आत ठेवले, आणि धुक्यासारखा बारीक फवारा देत वरच्या बॅगा एकेक करून उघड्या आवारात नेल्या. वरची दुसरी बॅग उचलताच आत हवा शिरून निखारा लाल झाला. तो क्षण अपेक्षित होता म्हणून नोझल तयार होते.

कोणालाही इजा झाली नाही. सकाळी बॅगा पाहिल्या तेव्हा जे दिसले ते पाठ्यपुस्तकातील आकृतीसारखे होते. आठ बॅगांपैकी प्रत्येकीचा बाहेरचा भाग स्वच्छ होता, तर रचनेच्या मध्यबिंदूकडे असलेला आतला कोपरा तपकिरी ते काळा पडला होता. तीन बॅगांचा तो कोपरा वितळून भुकटी सांडली होती. आग कोणी बाहेरून लावली, विडी पडली, वायर तापली, अशा सगळ्या शंकांना त्या आठ कोपऱ्यांनी उत्तर दिले. उष्णता आठही बॅगांच्या मधोमध जन्मली होती.

समस्या नेमकी कोणती

कारखान्याची पहिली प्रतिक्रिया अशी होती की, चाचणी चुकली असावी किंवा नमुना वेगळा असावा. दुसऱ्या शंकेत तथ्य होते. आम्हाला मिळालेला नमुना ट्रे ड्रायरचा होता, आणि फ्लॅश ड्रायरची भुकटी त्याहून बारीक होती. बारीक कणांचा हवेशी संपर्क जास्त असल्याने त्यांचे ऑक्सिडीकरणही जलद होते. म्हणून आम्ही नव्या भुकटीवर एन.४ पुन्हा केली. निकाल तोच आला : १४० ला पेटली, १२० ला शांत. वर्गीकरणात काहीच बदल झाला नाही. बैठकीत हा निकाल वाचून दाखवला तेव्हा काही क्षण कोणी बोलले नाही, कारण ज्या मालाने सहा दिवसांत निखारा धरला त्याच मालाला नियमानुसार पुन्हा सूट मिळत होती.

बंद कपात, नायट्रोजनखाली केलेल्या कॅलरीमापनात (सुटणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीत) २४० अंशांखाली काही दिसले नाही. उघड्या कपात, हवेत, उष्णता १५० अंशांच्या आसपासच सुटू लागली. त्यावरून रेणू स्वतःहून तुटत नाही, तर हवेतील ऑक्सिजनशी त्याची मंद प्रक्रिया होते, हे स्पष्ट झाले. अशा प्रक्रियेत भुकटी प्रत्येक तापमानाला थोडी-थोडी उष्णता निर्माण करतच असते. प्रश्न फक्त तिला बाहेर पडायला वाट आहे की नाही, एवढाच असतो. कडब्याची एक पेंढी कधी तापत नाही, पण ओलसर कडब्याची मोठी गंजी आतून तापते, हे शेतकऱ्याला माहीत असते. गंजीत सुरुवातीची उष्णता जंतूंची असते आणि आमच्या भुकटीत ती पहिल्यापासून ऑक्सिडीकरणाची होती, हा फरक सोडला तर भूमिती एकच आहे : उष्णता आकारमानाच्या प्रमाणात निर्माण होते आणि पृष्ठभागातून जाते.

या भूमितीचे गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रांक-कामेनेत्स्की यांनी १९३०च्या दशकात मांडले, आणि धुळीच्या साठ्यांसाठीचे युरोपीय मानक ईएन १५१८८ त्याच पायावर उभे आहे. आम्ही त्या पद्धतीने २५, ५०, १०० आणि १५० मिलिमीटरचे डबे घेतले. प्रत्येक आकारासाठी तापमान थोडे-थोडे बदलत, पेट घेणारे सर्वांत कमी आणि न घेणारे सर्वांत जास्त तापमान शोधले. मोठ्या डब्याच्या एकेका फेरीला एक दिवसाहून अधिक लागतो, त्यामुळे हे काम तीन आठवडे चालले. सीमारेषेची तापमाने अनुक्रमे १८२, १५५, १३१ आणि ११८ अंश आली. ती योग्य अक्षांवर मांडली तेव्हा चारही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत बसले.

ती रेषा पुढे वाढवली असता एक घनमीटरच्या एकट्या बॅगेसाठी सीमा ६८ अंश निघाली. आठ बॅगा चिकटवून रचल्या की त्या उष्णतेच्या दृष्टीने आठ घनमीटरचा एकच ढीग होतात, आणि त्यासाठी सीमा ५३ अंशांवर येते.

येथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. ही सीमा भोवतालच्या तापमानाची आहे, भरतीच्या तापमानाची नाही. ७८ अंशांना भरलेली एकटी बॅग ३२ अंशांच्या हवेत ठेवली तर ती बाहेरून निवत जाते, आणि म्हणूनच पहिल्या आठवड्यांतील सुट्या बॅगा बचावल्या. पण त्या काठावरच होत्या, असे आमचे मत आहे. भुकटी उष्णतेची वाईट वाहक असल्याने एवढ्या बॅगेचा गाभा निवायला काही दिवस लागतात. उलट ७८ अंशांना, उष्णता बाहेर पडलीच नाही असे धरले तर, पेट घेण्यासाठी लागणारा काळ आमच्या अंदाजाने साधारण पाच दिवसांचा होता. एकट्या बॅगेत निवणे या शर्यतीत थोडक्यात पुढे राहिले. आठांच्या ढिगात गाभ्याला निवायला चौपट वेळ लागत असल्याने ते मागे पडले.

तोलून पाहिलेले पर्याय

पुन्हा २५ किलोच्या पिशव्यांकडे जाणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. ग्राहकाने त्यासाठी नकार दिला नव्हता, पण पॅकिंगवर आठ माणसे वाढली असती आणि धुळीत उभे राहण्याचा त्यांचा वेळही वाढला असता. एक धोका कमी करताना फुप्फुसांचा दुसरा धोका वाढवणे सुरक्षा अधिकाऱ्यांना मान्य नव्हते, आणि मला ते बरोबर वाटते.

लायनर लावून बॅगेत नायट्रोजन सोडण्याची सूचना आली. ऑक्सिजन नसेल तर ही प्रक्रिया थांबते, हे खरेच. परंतु बॅगेचे तोंड दोरीने बांधलेले असते, लायनर फोर्कलिफ्टच्या काट्याला फाटतो, आणि आत नायट्रोजन उरला आहे की नाही हे गोडाऊनमध्ये कोणी रोज मोजणार नव्हते. शिवाय बंदिस्त पॅकिंग खोलीत नायट्रोजन गळला तर माणूस वास न येता कोसळतो. हा पर्याय बाजूला ठेवला.

ड्रायरचे तापमान उतरवून पाहिले, पण ओलावा ठरल्या मर्यादेत येईना. अँटिऑक्सिडंट मिसळणे ग्राहकाच्या विनिर्देशात बसत नव्हते.

राहिला तो भुकटी भरण्यापूर्वीच थंड करण्याचा मार्ग. किती थंड, यावर मात्र खरा वाद झाला. उत्पादन विभागाचे म्हणणे होते की, एका बॅगेची सीमा ६८ आहे, तर ६० अंशांना भरायला हरकत नसावी. त्यांना तेवढ्यासाठी साधी हवा पुरली असती. आमचा आक्षेप असा होता की, गोडाऊनमध्ये बॅग एकटी राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. एप्रिलमध्ये ती एकटी राहिली नव्हतीच. म्हणून रेषेवरून वाचायचे आकारमान बॅगेचे नसून प्रत्यक्षात होऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या ढिगाचे असले पाहिजे. त्या ढिगाची सीमा ५३, मे महिन्यात पत्र्याखाली मोजलेले तापमान ४३, आणि लहान डब्यांवरून मोठ्या ढिगाकडे जाताना रेषेत राहणारी अनिश्चितता, या तिन्हींचा विचार करून भरतीची कमाल मर्यादा ४० अंश ठरली. कारखाना व्यवस्थापकांनी तीन दिवस विचार करून ती स्वीकारली. महाग निर्णय होता आणि तो त्यांनी पुढच्या घटनेची वाट न पाहता घेतला, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते.

केलेली कार्यवाही

थंड करणारा स्क्रू कन्व्हेयर बनवून यायला चार महिने लागणार होते. तोवर उत्पादन बंद ठेवणे परवडणारे नव्हते. तेव्हा भंगाराच्या शेडमध्ये पडलेले जुने ट्रे कोणाला तरी आठवले. ते धुऊन पुन्हा वापरात आणले. ड्रायरमधून निघालेली भुकटी ट्रेमध्ये पातळ थरात पसरायची आणि दुसऱ्या दिवशी भरायची. उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले, पण चार महिने एकही गरम बॅग गोडाऊनमध्ये गेली नाही.

कन्व्हेयरच्या जॅकेटमध्ये चिलरचे पाणी फिरवावे, अशी मूळ योजना होती. कोकणातील पावसाळ्याच्या हवेत अतिथंड पृष्ठभागावर दव धरते, भुकटी ओली होऊन गोळे बनतात आणि स्क्रू अडकतो, हे देखभाल विभागाने लक्षात आणून दिले. म्हणून कूलिंग टॉवरचेच पाणी घेतले आणि स्क्रूची लांबी वाढवली. निर्गमावर थर्मोकपल बसवले. ४५ अंशांना ड्रायरचा फीड आपोआप थांबतो. बॅगा एका थरात, मध्ये हाताचे अंतर सोडून ठेवण्यासाठी जमिनीवर पिवळे चौकोन रंगवले.

पहिल्या आठवड्यात एका बॅगेत तीन खोलींवर थर्मोकपल ठेवून तिला दहा दिवस आवारात पाहिले. ३९ अंशांना भरलेल्या बॅगेचा गाभा हळूहळू उतरत हवेच्या तापमानाला आला. एकदाही चढला नाही. गणितावरचा विश्वास त्या आलेखामुळे वाढला, विशेषतः कामगारांचा, कारण तो आलेख पॅकिंग खोलीच्या दारावर लावला होता.

परिणाम आणि वेगळे काय करता आले असते

त्यानंतर गोडाऊनमध्ये धुमसण्याची घटना झालेली नाही. नष्ट झालेल्या मालापेक्षा निम्म्यावर आलेल्या उत्पादनाचे नुकसान कितीतरी मोठे होते.

मागे वळून पाहताना तीन जागा दिसतात. बदलाच्या प्रस्तावात ट्रेवरच्या रात्रीचा उल्लेख यायला हवा होता. जी पायरी काढून टाकली जाते ती नकळत कोणते काम करत होती, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता. लॉगबुकातील तिसऱ्या दिवसाच्या नोंदीला कृती जोडलेली नव्हती. त्या दिवशी रचना मोडून बॅगा सुट्या केल्या असत्या तर बहुधा तिथेच सगळे थांबले असते. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या कामगाराने आपले काम पुरेपूर केले होते.

तिसरी जागा आमची. कारखान्याने वर्गीकरण मागितले म्हणून आम्ही वर्गीकरण दिले. ‘हा निकाल वाहतुकीसाठी आहे, ५० अंशांच्या वर भरलेल्या किंवा एकत्र रचलेल्या मालाला तो लागू नाही’ एवढी एक ओळ लिहायला पाच मिनिटे लागली नसती. या चाचणीतील सुटीवर विसंबण्याचा धोका आता जगभर ओळखला गेला आहे. जहाजांवर लोणारी कोळशाचे कंटेनर वारंवार पेटल्यामुळे, एन.४ च्या निकालावर कोळशाला मिळणारी सूट आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतून काढली गेली आणि १ जानेवारी २०२६ पासून तो बदल बंधनकारक झाला. आमच्या नमुना-अर्जात आता भरतीचे तापमान, सर्वांत मोठा संभाव्य ढीग आणि साठवणुकीचा काळ विचारला जातो, आणि ते रकाने कोरे असतील तर आम्ही दूरध्वनी करतो.

या रकान्यांमुळेच आणखी एक गोष्ट पुढे आली. ग्राहकाच्या कारखान्यात हा माल बॅगेतून काढून सुमारे १२ घनमीटरच्या सायलोत ओततात. त्याच रेषेवर १२ घनमीटरची सीमा ५० अंशांच्या आसपास पडते, आणि तो सायलो उघड्यावर उन्हात आहे. कारखान्याने आलेखासह त्यांना पत्र लिहिले. आता ते सायलोवर छप्पर घालत आहेत, आणि तोवर सणाच्या लांब सुट्टीआधी तो पूर्ण रिकामा करतात.